वसईचे रक्तसाक्षी बंधु गोन्सालो गार्सिया

महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें ही आपल्याकडील जुनी चाल आहे, आणि ती चांगलीहि आहे. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, संत दूरदेशचा, त्याचा काळ दूरचा, आणि चरित्र वाचून पुस्तक मिटलें म्हणजे मनांत एक सुंदर चित्र तेवढें उरतें. ह्यासाठीं आज ज्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों ते आपल्याच मातींतले आहेत. नावडें रोड स्टेशनावरून जो लोहमार्ग दिव्याकडे जातो तोच पुढें वसईस पोहोंचतो; आणि त्या वसईंतच, सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं, बंधु गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म झाला.

जपानांतील सव्वीस रक्तसाक्ष्यांपैकीं एक म्हणून त्यांचें नांव आपल्यांतील बहुतेकांस ठाऊक आहे. नागासाकीची टेकडी, तेथील क्रूस आणि भाल्यांचे घाव ह्यांची हकीकत मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गांत सांगतात. पण त्या क्रुसाच्या आधीं कांहीं वर्षें ते कुष्ठरोग्यांच्या जखमा धूत होते, ही गोष्ट त्या मानानें फार थोड्यांच्या लक्षांत असते. आमच्या मतें त्या वर्षांवांचून त्यांच्या मरणाचा अर्थ नीट लागत नाहीं. म्हणून ह्या लेखांत त्या सेवेकडेच अधिक लक्ष दिलें आहे.

सन १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं, म्हणजे सन १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई एतद्देशीय. वसईच्या कोटांत येशूसंघाच्या धर्मगुरूंचें विद्यालय होतें, तेथें ह्या मुलाचें शिक्षण झालें. आईची भाषा एक आणि वडिलांची दुसरी, अशा घरांत जो वाढला त्यास तिसरी भाषा जड जाऊं नये ह्यांत नवल नाहीं. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं, सन १५७२ च्या सुमारास, ते येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले, आणि थोड्याच अवधींत जपानी भाषा अशी बोलूं लागले कीं, धर्मगुरूंस त्यांच्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. सुमारें आठ वर्षें त्यांनीं तेथें धर्मशिक्षकाचें काम केलें.

येशूसंघांत बंधु म्हणून आपणांस प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. त्या काळीं एतद्देशीय मातेच्या मुलास संघांत घेण्यास युरोपांतील वरिष्ठ फारसे राजी नसत, आणि गोन्सालोंच्या वांट्यालाहि नकारच आला. हा प्रसंग चरित्रकार बहुधा दोन ओळींत आटोपतात; आम्हांस तो इतका लहान वाटत नाहीं. ज्या माणसानें तारुण्याचीं आठ वर्षें एका कार्यास वाहिलीं त्यासच त्या कार्याच्या घरांत जागा नाहीं असें सांगितलें गेलें. अशा वेळीं मन कडू झालें असतें तर त्यास दोष कोणी दिला असता?

गोन्सालोंनीं व्यापार धरला. पूर्वेकडील बंदरांतून त्या वेळीं रेशीम, चांदी इत्यादि मालाची मोठी उलाढाल चाले. त्यांस भाषा येत होती, ओळखी होत्या, आणि सचोटीचा लौकिकहि होता. धंद्यास बरकत आली. एका सामान्य माणसाच्या चरित्राचा शेवट येथें सुखानें झाला असता. परंतु व्यापाराच्या निमित्तानें ते फिलिपाईन बेटांतील मनिला शहरीं गेले, तेथें संत फ्रान्सिसच्या अनुयायांशीं त्यांचा परिचय झाला, आणि त्यांच्या आयुष्यास दुसरें वळण लागलें.

मनिलाचे फ्रान्सिस्कन हे अनवाणी फिरणारे, भिक्षेवर राहणारे लोक होते. शहरांत गोरगरिबांसाठीं त्यांनीं इस्पितळ काढलें होतें, आणि ज्यांस इतरत्र कोणी थारा देत नसे त्या कुष्ठरोग्यांस ते तेथें घेत. (ह्या इस्पितळाची कीर्ति पुढें इतकी पसरली कीं, सन १६३२ च्या सुमारास जपानी अधिकाऱ्यांनीं कुष्ठरोग्यांनीं भरलेलें एक जहाज मनिलास धाडून दिलें, आणि फ्रान्सिस्कनांनीं तें परत न लावतां रोग्यांस उतरवून घेतलें.) गोन्सालोंनीं व्यापार सोडला, आणि सन १५८८ च्या सुमारास ते त्या संघांत दाखल झाले, तेहि धर्मगुरु होण्यासाठीं नव्हे, तर साधा बंधु म्हणून. साधा बंधु म्हणजे काय हें वाचकांपैकीं तरुणांस कदाचित् ठाऊक नसेल. त्यास मिस्सा अर्पण करतां येत नाहीं, पापनिवेदन ऐकतां येत नाहीं. दार उघडणें, चूल पेटविणें, रोग्यास उचलणें, भिक्षा मागणें, हें त्याचें काम. ज्याच्या हाताखालीं कालपर्यंत नोकर होते तो आतां रोग्यांचा नोकर झाला. मरेपर्यंत गोन्सालो हे बंधुच राहिले.

येथें त्या रोगाविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. तो जंतूंपासून होतो हें नॉर्वे देशांतील डॉक्टर हान्सेन ह्यांनीं सन १८७३ त दाखविलें. आणि तो पूर्ण बरा करणारी अनेक औषधांची एकत्रित योजना जागतिक आरोग्य संघटनेनें सन १९८१ त सुचविली. आज सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या कीं रोगी बरा होतो. गोन्सालोंच्या काळीं ह्यांतलें कांहींच नव्हतें. जपानांत काय, आपल्याकडे काय, हा रोग म्हणजे दैवी शिक्षा अशी समजूत होती; रोग्यास घरांतून काढीत, आणि तो वेशीबाहेर भीक मागत मरे. शुश्रूषा करणारास औषधाचा आधार नव्हता आणि आपण सुरक्षित राहूं अशी खात्रीहि नव्हती. रोगाची भीति औषधानें जाते, पण रोग्याविषयींची किळस जाण्यास अधिक काळ लागतो, हें आपल्याच पनवेल तालुक्यांत नेरें येथील शांतिवनांत ज्यांनीं काम पाहिलें आहे ते सांगूं शकतील.

असो. सन १५९३ त मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्यांजकडे एक शिष्टमंडळ पाठविलें. हिदेयोशींनीं त्यापूर्वीं, सन १५८७ त, परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता, आणि आतां त्यांची नजर फिलिपाईन बेटांवर होती. त्या बेटांनीं आपणांस शरण यावें अशी त्यांची मागणी होती. शिष्टमंडळाचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता. त्यांस जपानी येत नसे, म्हणून दुभाषी म्हणून बंधु गोन्सालो ह्यांस बरोबर घेतलें. कोरियावर स्वारी करण्यासाठीं हिदेयोशींनीं क्यूशू बेटावर नागोया येथें किल्ला बांधून तळ दिला होता, तेथें ही भेट झाली. सर्व राष्ट्रांस धाक घालणाऱ्या त्या पुरुषासमोर वसईचा हा बंधु उभा राहिला आणि दोन राज्यांचें बोलणें त्यानें एकमेकांस समजावून दिलें. एक शब्द चुकला असता तर युद्ध पेटण्यास वेळ नव्हता. भेटीचें फळ असें कीं, फ्रान्सिस्कनांस जपानांत राहण्याची परवानगी मिळाली व राजधानी मियाको, म्हणजे आजचें क्योतो, येथें जागा मिळाली.

त्या जागेवर सन १५९४ त देवदूतांच्या राणीच्या नांवानें एक लहान चर्च उभें राहिलें. चर्चला लागूनच दोन इस्पितळें झालीं, एक संत आन्नाच्या नांवाचें व दुसरें संत योसेफच्या. रस्त्यांवर पडलेले कुष्ठरोगी व निराधार आजारी ह्यांस तेथें आणीत. पेद्रो बाप्तिस्तांपासून सर्व जण रोग्यांची शुश्रूषा करीत. पण रोग्याचें दुखणें त्याच्याच भाषेंत विचारणारे आणि त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेणारे परदेशी म्हणजे मुख्यतः गोन्सालोच. ज्या भाषेंत त्यांनीं राज्यकर्त्याशीं बोलणें केलें तीच भाषा आतां ते भिकाऱ्यांशीं बोलत होते. हळूहळू जपानी ख्रिस्ती लोकहि ह्या कामांत आले. कोणी वैद्य, कोणी औषधें करणारा, कोणी स्वयंपाकी. त्यांतील अनेकांनीं संत फ्रान्सिसच्या प्रापंचिकांसाठीं असलेल्या तिसऱ्या पंथाची दीक्षा घेतली. संत योसेफच्या इस्पितळाची व्यवस्था पाऊल सुझुकी हे पाहत.

फ्रान्सिस्कनांचें हें उघड वागणें येशूसंघाच्या धर्मगुरूंस धोक्याचें वाटे. हुकूम कायम असतां झांकून काम करावें, राज्यकर्त्यास डिवचूं नये, असें त्यांचें मत. आणि चाळीसाहून अधिक वर्षांचा अनुभव त्यांच्या बाजूस होता. ह्या वादांत दोष एकाच पक्षाचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. येशूसंघाची सावधगिरी शहाणपणाची होती, आणि रस्त्यांतला कुष्ठरोगी झांकून उचलतां येत नाहीं हेंहि खरें होतें.

सन १५९६ च्या ऑक्टोबरांत मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें मोठें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल हिदेयोशींनीं जप्त केला. जहाजाच्या सुकाणूवाल्यानें स्पेनच्या राज्यविस्तारांत धर्मगुरूंचा हात असतो अशा अर्थाची बढाई मारली असें म्हणतात. तो तसें बोललाच होता कीं नाहीं ह्याविषयीं इतिहासकारांत आजहि मतभेद आहे. हिदेयोशींचा कोप मात्र खरा होता. ८ डिसेंबर रोजीं क्योतोच्या मठाभोंवतीं पहारा बसला.

कोणास धरलें तें पाहण्यासारखें आहे. सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे पाऊल मिकी आणि त्यांचे दोन सोबती, आणि बाकीचे प्रापंचिक, त्यांत तो वैद्य, तो औषधें करणारा, तो स्वयंपाकी, पाऊल सुझुकी, आणि मठांत राहणारीं मुलेंहि होतीं. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरांचा, थोमास कोझाकी चौदांचा. ही यादी वाचतांना एखाद्या लहान इस्पितळाची हजेरी वाचीत आहों असें वाटतें. राज्याविरुद्ध कट करणारांचीं नांवें अशीं नसतात.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतोंत त्यांच्या डाव्या कानांचा भाग कापण्यांत आला. नाक व दोन्ही कान कापावे असा मूळ हुकूम होता. इशिदा मित्सुनारी ह्या अधिकाऱ्यानें तो सौम्य केला. मग गाड्यांतून त्यांची धिंड काढून त्यांस नागासाकीकडे चालविलें. ऐन हिंवाळा, शेंकडों कोसांची वाट. आरंभीं ते चोवीस होते. वाटेंत त्यांस अन्न-पाणी देण्यासाठीं, त्यांची सोय पाहण्यासाठीं दोन जण बरोबर चालले होते, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस किची नांवाचा एक सुतार. कैद्यांची सेवा करतात म्हणून पहारेकऱ्यांनीं त्यांसहि कैद्यांतच घातलें, आणि संख्या सव्वीस झाली. त्या दोघांवर कोणताहि हुकूम नव्हता, त्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत नव्हतीं. सेवा एवढाच त्यांचा अपराध. आमच्या समजुतीप्रमाणें सव्वीस जणांच्या सर्व कथेंत ह्याहून मोठी गोष्ट दुसरी नाहीं.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेनें उभे केले. जपानी रीतीप्रमाणें हातापायांस लोखंडी कड्या व दोर, आणि शेवटीं दोन बाजूंनीं भाले. परंपरा सांगते कीं, क्रुसावर चढविलेल्यांत गोन्सालो पहिले होते. त्यांचें वय सुमारें चाळीस होतें. ज्या येशूसंघानें एके काळीं त्यांस घेतलें नाहीं त्या संघाचे तिघे त्याच रांगेंत होते, आणि मागचा वाद तेथें कोणास आठवला नसावा. हिदेयोशी पुढच्याच वर्षीं, सन १५९८ त, वारले. क्योतोंतील त्या रोग्यांची काळजी घेणारे हात मात्र एका दिवसांत नाहींसे झाले होते.

परमगुरु आठवे उर्बन ह्यांनीं सन १६२७ त गोन्सालो व त्यांचे सोबती ह्यांस धन्य म्हणून जाहीर केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं परमगुरु नववे पायस ह्यांनीं सव्वीसांसहि संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मलेले पहिले संत ते हेच. सन १७३९ त चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यानंतर कोटांतील चर्चें ओस पडलीं आणि ह्या संताचें स्मरणहि बराच काळ मंदावलें. पुढें तें पुन्हा जागृत झालें. आज वसईजवळ गास येथें त्यांच्या नांवाचें चर्च आहे, आणि कोटांतील येशूसंघाचें जुनें चर्च लोक त्यांच्याच नांवानें ओळखतात. सन १९९८ त स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत. नागासाकीस निशिझाका टेकडीवर संतपदाच्या शताब्दीनिमित्त सन १९६२ त स्मारक झालें. त्यांत सव्वीस जणांच्या कांशाच्या मूर्ति एका रांगेंत उभ्या आहेत, आणि पेद्रो सुकेजिरो व फ्रान्सिस किची ह्यांसहि तेथें जागा मिळाली आहे.

त्यांच्या मृत्यूची तारीख ५ फेब्रुवारी असली तरी त्या दिवशीं संत आगाथा हिचा सण असल्यामुळें पंचांगांत ह्या सव्वीस जणांचा सण ६ फेब्रुवारीस येतो.