हेर्मान एबिंगहाउस : स्मृतीचे मोजमाप

हेर्मान एबिंगहाउस यांचा जन्म १८५० मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे झाला. स्मृती मोजण्यासाठी त्यांनी सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह रचले आणि ते स्वतःच पाठ करून पाहिले. १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने विसरले जाते, असे त्यांना आढळले. मात्र एकाच दिवशी सलग केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीही साधले. १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले.

वैरागसारख्या गावी शेती वा नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यास करताना तुम्हाला वेळ तुटपुंजाच मिळतो. तो परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी राखून न ठेवता रोजच्या उजळणीत विभागा.