हुतात्मा कुर्बान हुसेन : एका तरुण पत्रकाराचे बलिदान

नाशिकच्या मुलांना हुतात्मा अनंत कान्हेरे हे नाव मैदानामुळे माहीत असते. सोलापूरच्या मुलांना तसाच चार हुतात्मा चौक ठाऊक असतो. त्या चौकातील चार पुतळ्यांपैकी एक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांचा आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे त्यांचे तीन सोबती. या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली.

कुर्बान हुसेन हे पत्रकार होते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘गझनफर’ या पत्राचे ते संपादक होते. गझनफर म्हणजे सिंह. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा अनेक बोली बोलणारे कामगार तेथे एकत्र राबत. ऐन विशीतल्या या तरुणाने त्यांच्यात काम केले आणि हिंदू-मुसलमानांच्या एकीसाठी आपली लेखणी व वाणी झिजवली.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली. त्यात दोन पोलिसांचे प्राण गेले. सरकारी अंमल शहरातून उठला व काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीच कारभार सांभाळला. १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला. तो ३० जूनपर्यंत चालला. रणांगण कोठेच नव्हते, परंतु शहराला शत्रूच्या मुलखासारखे वागविण्यात आले. गांधी टोपी घालणे हादेखील अपराध ठरला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांवर खटला भरण्यात आला. वरिष्ठ न्यायालयांतही त्यांना दाद मिळाली नाही.

असे बलिदान करणारे कुर्बान हुसेन एकटे नव्हते. १८५७ च्या युद्धात ‘दिल्ली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना इंग्रजांनी ठार केले. आपल्या जिल्ह्यातील मालेगावच्या खिलाफत चळवळीतील हुतात्म्यांना १९२२ साली येरवड्यातच फाशी झाली.

विद्यार्थी मित्रांनो, १२ जानेवारीला आपण राजमाता जिजाऊ व स्वामी विवेकानंद यांची जयंती साजरी करतो. त्याच दिवशी या चौघांचेही स्मरण व्हावे, असे मला एक शिक्षक म्हणून मनापासून वाटते. पुतळा माणसाचे मरण लक्षात ठेवतो, पण तो कशासाठी जगला हे त्याच्या कागदांतूनच कळते. आपल्या घरांतील पेट्यांत, माळ्यांवर जुनी उर्दू-मराठी पत्रे, पत्रके, छायाचित्रे पडून असतात आणि घर रंगविताना रद्दीच्या भावाने जातात. एखाद्या संपादकाची ती शेवटची खूण असू शकते. म्हणून असा कागद हाती आला तर तो शाळेत आणून दाखवा. त्यावर नाव, गाव व साल नोंदवून ठेवा. आजोबा-आजी सांगतील ते वहीत उतरवून घ्या.

हुतात्मा कुर्बान हुसेन यांना हेच खरे अभिवादन ठरेल.