न झालेली भेट

मुलांनो, दरबार, अर्ज, हुकूम, कैद हे शब्द मराठीच्या तासाला ऐकताना तुम्हांला परके वाटत नाहीत. उर्दूत तुम्ही ते नेहमी वापरता. आज आपण एका दूरच्या दरबाराची हकिकत वाचू या. त्या दरबारात एका मुलीने भेटीसाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. पुढे तीच मुलगी राणी झाली आणि तिच्याकडेही तसाच अर्ज आला.

ही मुलगी म्हणजे इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ. तिचा जन्म ७ सप्टेंबर १५३३ रोजी लंडनजवळच्या ग्रिनिच राजवाड्यात झाला. तिचा बाप आठवा हेन्री याला मुलगा हवा होता. मुलगी झाली म्हणून तो फार निराश झाला. तीन वर्षेही झाली नाहीत, तोच त्याने एलिझाबेथची आई ॲन बोलिन हिच्यावर भयंकर आरोप ठेवले. १९ मे १५३६ रोजी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात तिचा शिरच्छेद करण्यात आला. छोट्या एलिझाबेथची राजकन्या ही पदवीही गेली. तिला सांभाळणाऱ्या बाईंना दरबारात पत्र लिहून कळवावे लागले, की मुलीचे कपडे आखूड झाले आहेत आणि तिच्याजवळ अंगात घालण्यासारखे काही उरलेले नाही. राजाच्या मुलीची ही दशा!

आईविषयी एलिझाबेथ पुढे जाहीरपणे फारसे बोलली नाही. पण तिची एक अंगठी आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवली आहे. ती डबीसारखी उघडते. आत दोन इवलीशी चित्रे आहेत. एक एलिझाबेथचे आहे आणि दुसरे तिच्या आईचे असावे असे मानतात.

एलिझाबेथचे बालपण बहुतेक दरबारापासून दूर, हॅटफील्डसारख्या गावच्या वाड्यांत गेले. तिथे तिला एकच गोष्ट भरपूर मिळाली, ती म्हणजे विद्या. तिची सावत्र आई कॅथरिन पार ही मायाळू आणि शिकलेली बाई होती. अकरा वर्षांची असताना एलिझाबेथने एका फ्रेंच पुस्तकाचा इंग्रजीत अनुवाद केला, तो सुंदर अक्षरात लिहिला आणि त्याच्या कापडी वेष्टनावर भरतकाम करून नव्या वर्षाची भेट म्हणून या आईला पाठवला.

पुढे रॉजर अ‍ॅस्कम नावाचे शिक्षक तिला लाभले. त्यांची शिकवण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. ते लॅटिन भाषेतला उतारा देत. शिष्याने तो इंग्रजीत लिहायचा. मग मूळ पुस्तक बाजूला ठेवायचे आणि काही वेळाने आपल्या इंग्रजीवरून तो उतारा पुन्हा लॅटिनमध्ये करायचा. शेवटी मुळाशी ताडून पाहायचा. तुम्हीही असे करून पाहा. मराठीचा एक उतारा उर्दूत करा, वही दोन दिवस मिटून ठेवा आणि मग उर्दूवरून पुन्हा मराठी करा. माझ्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांचीच फजिती झाली. उर्दूत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे ‘माझे घर’ आणि ‘मोठे झाड’ लिहिताना पेन अडखळते. चौथ्या आठवड्यात मात्र चुका निम्म्यावर आल्या.

एलिझाबेथला लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि इटालियन या भाषा येऊ लागल्या. याचा उपयोग तिला म्हातारपणापर्यंत झाला. १५९७ साली पोलंडच्या वकिलाने भरदरबारात लॅटिनमध्ये उद्धट भाषण केले. त्रेसष्ट वर्षांच्या राणीने कसलीही तयारी नसताना तिथल्या तिथे लॅटिनमध्येच त्याला खडसावले. बिचाऱ्याला तोंड वर करवेना.

पण आपण फार पुढे गेलो. १५४७ साली हेन्री वारला. त्याचा मुलगा एडवर्ड गादीवर आला, तोही १५५३ साली पंधराव्या वर्षी मरण पावला. मग एलिझाबेथची मोठी सावत्र बहीण मेरी राणी झाली. मेरी कॅथलिक पंथाची होती आणि एलिझाबेथ प्रॉटेस्टंट पंथात वाढलेली. मेरीने स्पेनच्या राजपुत्राशी लग्न ठरवले. ते अनेकांना आवडले नाही. १५५४ च्या आरंभी वायट नावाच्या सरदाराने बंड केले. बंड मोडले, पण संशय एलिझाबेथवर आला. बंडवाल्यांनी तिला पत्र पाठवले होते असे कळले. तिने त्याचे उत्तर दिल्याचा पुरावा मात्र कोणाला सापडला नाही.

१७ मार्च १५५४ रोजी दोन सरदार तिला टॉवरमध्ये नेण्यासाठी आले. थेम्स नदीत नाव तयार होती. आपली आई ज्या किल्ल्यात मारली गेली, तिथेच आपल्याला नेत आहेत हे एलिझाबेथला समजले. ती वीस वर्षांची होती. ती रडत बसली नाही. तिने कागद आणि लेखणी मागितली आणि बहिणीला पत्र लिहायला बसली. आपण निर्दोष आहोत, माझे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा करू नका, एकदा समोर येऊ द्या, एवढाच तिचा अर्ज होता. पत्र संपले तेव्हा दुसऱ्या पानावर बरीच जागा कोरी उरली. तिथे कोणी खोटा मजकूर घालू नये म्हणून तिने त्या जागेवर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि मगच खाली सही केली. किती सावध मुलगी! ते पत्र अजून शिल्लक आहे.

पत्र लिहिण्यात वेळ गेला आणि नदीचे पाणी बदलले. लंडनच्या जुन्या पुलाच्या कमानी अरुंद होत्या. भरती-ओहोटीची वेळ साधल्याशिवाय नाव त्याखालून नेणे धोक्याचे होते. त्यामुळे एक दिवस मिळाला, फक्त एक. मेरीने भेट दिली नाही. दुसऱ्या दिवशी एलिझाबेथ टॉवरमध्ये कैद झाली. तिथल्या एका नोकराचा लहान मुलगा तिला फुले आणून देई आणि पहारेकऱ्यांनी तेही बंद केले, असे सांगतात. दोन महिन्यांनी तिला बाहेर काढले आणि वुडस्टॉक या गावी आणखी जवळजवळ वर्षभर नजरकैदेत ठेवले. टॉवरमधून ती बाहेर पडली तो दिवस १९ मे होता. आईच्या मृत्यूचाही तोच दिवस.

१७ नोव्हेंबर १५५८ रोजी मेरी वारली आणि पंचवीस वर्षांची एलिझाबेथ राणी झाली.

आता तिचा दरबार पाहू. व्हाइटहॉल, ग्रिनिच, रिचमंड, हॅम्प्टन कोर्ट असे तिचे राजवाडे थेम्सच्या काठी होते. दरबाराबरोबर सरदार, कारकून, दासी, आचारी, साईस, गवई अशी हजारावर माणसे असत. हॅम्प्टन कोर्टची मुदपाकखाने हेन्रीच्या काळात दिवसातून दोनदा सुमारे सहाशे माणसांना जेवण पुरवीत. एवढी माणसे एका वाड्यात राहिली की घाण साचे आणि आसपासचे धान्यही संपत येई. मग सगळा दरबार सामान बांधून दुसऱ्या वाड्यात जाई. उन्हाळ्यात राणी शेकडो गाड्या घेऊन सरदारांच्या घरी पाहुणी म्हणून जाई. यजमानाला तो मोठा मान वाटे. त्याच्या तिजोरीला काय वाटत असेल ते विचारू नका.

१५९८ साली एका जर्मन प्रवाशाने ग्रिनिचमध्ये राणीचे जेवण मांडताना पाहिले. राणी त्या दालनात नव्हती. तरीही चादर अंथरणारे, मीठ आणि ताटे आणणारे रिकाम्या मेजापुढे तीन-तीन वेळा गुडघे टेकत होते. लाल पोशाखातले पहारेकरी सोन्याचा मुलामा दिलेल्या ताटांतून पदार्थ आणत. ज्याने जे ताट आणले, त्याला त्यातलाच एक घास खायला देत. विष तर नाही ना, हे पाहण्यासाठी! एवढा थाट झाल्यावर पदार्थ आतल्या खोलीत जात आणि राणी तिथे एकान्तात थोडेसे खाई. गोड मात्र तिला फार आवडे. त्या प्रवाशाने तिचे काळे पडलेले दातही पाहिले.

राणीने लग्न केले नाही. तिच्या सेवेतील तरुण स्त्रियांनाही तिच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. वॉल्टर रॅले या तिच्या लाडक्या सरदाराने तिच्या एका सेविकेशी चोरून लग्न केले, तेव्हा १५९२ साली राणीने नवराबायको दोघांनाही टॉवरमध्ये टाकले. १५६२ साली राणीला देवी आल्या तेव्हा मेरी सिडनी या बाईंनी तिची शुश्रूषा केली. राणी वाचली, पण देवींनी त्या बाईंचा चेहरा विद्रूप झाला. दरबारातल्या चाकरीची अशीही किंमत असे.

आपल्या देशाशीही या राणीचा संबंध आला. १५८३ साली तिने अकबर बादशहाच्या नावे पत्र देऊन काही व्यापारी पाठवले. वाटेत होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात टाकले. त्यांना जामिनावर सोडवायला मदत केली ती गोव्यात राहणाऱ्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी. कॅथलिक असल्यामुळे ते एलिझाबेथचे इंग्लंड सोडून आले होते. इकडे ते मराठी शिकले आणि त्यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ लिहिला. व्यापारी पुढे गोव्यातून निसटले आणि फत्तेपूर सिक्रीपर्यंत पोहोचले. १६०० सालच्या शेवटच्या दिवशी राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पुढचा इतिहास तुम्हांला ठाऊक आहे.

आता त्या दुसऱ्या अर्जाकडे वळू. स्कॉटलंडची राणी मेरी स्ट्युअर्ट ही एलिझाबेथच्या आतेभावाची मुलगी. १५६८ साली आपल्याच सरदारांकडून हरल्यावर ती आश्रयासाठी इंग्लंडमध्ये आली. ती कॅथलिक होती आणि अनेक कॅथलिक लोक तिलाच इंग्लंडची खरी राणी समजत. एलिझाबेथने तिला कैदेत ठेवले. एकोणीस वर्षे मेरी या किल्ल्यातून त्या किल्ल्यात हलत राहिली. एकदा समोरासमोर भेट द्या, अशी विनवणी ती पुनःपुन्हा करी. तिने स्वतः भरतकाम केलेला लाल साटिनचा घागरा एलिझाबेथला भेट पाठवला. घागरा राणीने ठेवून घेतला. भेट दिली नाही.

१५८६ साली मेरीची गुप्त पत्रे पकडली गेली. ती दारूच्या पिंपात लपवून पाठवली जात. एलिझाबेथला ठार मारण्याच्या कटाला तिने त्यांत संमती दिली होती. म्हणजे धोका खोटा नव्हता. एलिझाबेथचे मंत्री शिक्षेसाठी आग्रह करू लागले. ती कित्येक आठवडे टाळत राहिली आणि शेवटी १ फेब्रुवारी १५८७ रोजी तिने हुकमावर सही केली. ८ फेब्रुवारीला मेरीचा शिरच्छेद झाला. बातमी येताच एलिझाबेथ रडली, संतापली आणि हुकूम पाठवायला आपण सांगितलेच नव्हते म्हणून तिने आपला चिटणीस डेव्हिसन यालाच टॉवरमध्ये टाकले. तिचे दुःख खरे असेल. पण सही तिची होती आणि शिक्षा चिटणिसाला झाली, हे मला कधी पटले नाही. कोऱ्या जागेवर रेघा ओढणाऱ्या त्या मुलीला स्वतःच्या सहीचा अर्थ कळत नव्हता, असे कसे म्हणावे?

पुढच्याच वर्षी स्पेनचे सुमारे १३० जहाजांचे आरमार इंग्लंडवर चालून आले आणि इंग्रजी तोफा व वादळे यांनी त्याची वाताहत झाली. राणीचे नाव युरोपभर गाजले. नंतर तिचे जुने सोबती एकेक करून गेले. शेवटच्या आजारात ती बिछान्यावर पडायला तयार नव्हती. दिवसच्या दिवस जमिनीवर उश्यांना टेकून बसून राही. २४ मार्च १६०३ रोजी रिचमंडच्या राजवाड्यात ती वारली. तिच्यानंतर गादीवर बसला तो मेरी स्ट्युअर्टचाच मुलगा जेम्स.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये एलिझाबेथ आणि तिची बहीण मेरी एकाच कबरीत आहेत. १६१२ साली जेम्सने आपल्या आईचे अवशेषही तिथेच आणवले. त्याच प्रार्थनामंदिराच्या एका बाजूला या दोघी बहिणी आहेत आणि समोरच्या बाजूला मेरी स्ट्युअर्ट.