आजचा दिवस दत्तचरणी

प. पू. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचा जन्म १८५४ साली सावंतवाडीजवळच्या माणगावी झाला. तिथे त्यांनी दत्तमंदिर उभारले, सात वर्षे सेवा केली आणि दत्ताज्ञा होताच सर्व सोडून पत्नीसह बाहेर पडले. १८९१ मध्ये गोदाकाठी गंगाखेडला सौ. अन्नपूर्णाबाई निवर्तल्या. ना घर, ना संसार. आपण असतो तर तिथेच खचलो असतो. महाराजांनी उत्तरकार्य उरकून तिथेच संन्यास घेतला.

पुढे २३ चातुर्मास झाले, सारा प्रवास पायी. संग्रहणीचं दुखणं पाठ सोडीना, तरी स्नान, जप, भिक्षा, लेखन यांत खंड नाही. झोळीत उद्यासाठी काही ठेवायचं नाही. उद्याची काळजी दत्ताला. आजचं कर्म मात्र आजच, आणि चोख. १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरी देह ठेवीपर्यंत हाच क्रम होता.

आपलं वय झालं, गुडघे दुखतात, घर रिकामं वाटतं. तरी पहाटे उठून एक माळ जपायला काय हरकत आहे? या दत्तजयंतीला तेवढं तरी ठरवू या.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥