विठ्ठल रामजी शिंदे यांचे ऑक्सफर्ड : पाहण्यापासून कार्यापर्यंत

१

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्राचा विचार बहुधा १९०६ साली स्थापन झालेल्या अस्पृश्योद्धाराच्या संस्थेपासून सुरू होतो आणि ते योग्यही आहे. मात्र त्यामुळे त्यापूर्वीची दोन वर्षे, म्हणजे १९०१ ते १९०३ हा त्यांचा इंग्लंडमधील विद्यार्थिदशेचा काळ, चरित्राच्या कडेला पडतो. ते विलायतेला जाऊन तुलनात्मक धर्माचा अभ्यास करून आले, एवढ्यावर या काळाची बोळवण होते. या दोन वर्षांत शिंदे यांनी ग्रंथांइतकेच डोळ्यांनीही शिक्षण घेतले. त्यांनी शहरे पाहिली, सरोवरे पाहिली, उपासनामंदिरे आणि घरे पाहिली, तशाच गरिबांच्या वस्त्याही पाहिल्या. या पाहण्याचे स्वरूप काय होते आणि त्याचा त्यांच्या पुढील कार्याशी कोणता संबंध पोचतो, याचा शोध घेतल्याशिवाय त्यांच्या जीवनातील एक महत्त्वाचा दुवा निसटलेलाच राहतो.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी या संस्थानी गावी एका मराठा कुटुंबात झाला. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ज्या प्रदेशात एकाच अंगणात नांदतात, त्या प्रदेशात ते वाढले. घरात वारकरी संप्रदायाचे वातावरण होते आणि वडील रामजीबाबा यांच्या वागण्यात जातिभेदाला फारसा थारा नव्हता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १८९८ साली ते पदवीधर झाले. कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईस गेले, परंतु मन प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले आणि वकिलीची वाट सुटली. उदार धर्ममताच्या प्रचारासाठी तयारी करू इच्छिणाऱ्या हिंदी तरुणास ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात शिकता यावे, अशी व्यवस्था ब्रिटिश युनिटेरियन मंडळींनी केली होती. त्या शिष्यवृत्तीवर शिंदे यांची निवड झाली. आधी शिक्षणाला हातभार लावणारे बडोद्याचे सयाजीराव महाराज यांचे साहाय्य या वेळीही लाभले. सप्टेंबर १९०१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते मुंबईहून निघाले. पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाबाई आणि वृद्ध आईवडील मागे राहिले. शिंदे यांचे विलायतेचे शिक्षण मागे राहिलेल्या माणसांच्या ओढाताणीवर उभे होते, हे विसरता येत नाही.

२

सुएझच्या कालव्यातून मार्सेय, तेथून आगगाडीने पॅरिस आणि मग लंडन, हा त्या काळच्या हिंदी प्रवाशाचा रुळलेला मार्ग होता. शिंदेही त्याच मार्गाने गेले. मात्र ते ज्या ठिकाणी पोचले ते ठिकाण रुळलेले नव्हते. ऑक्सफर्ड म्हटले की जुनी विद्यालये, बॉडलियन ग्रंथालय आणि आयसिस नदीवरील नौकांच्या शर्यती डोळ्यांपुढे येतात. हे सारे त्यांच्या अवतीभवती होते. मँचेस्टर कॉलेज मात्र त्या ऑक्सफर्डमध्ये असूनही त्याचे नव्हते. इंग्लंडच्या राजमान्य धर्मसंस्थेची मते न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड विद्यापीठाची दारे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद होती. धर्ममताची ही अट बहुतांशी दूर झाली ती १८७१ च्या कायद्याने. अशा बहिष्कृत मतांच्या लोकांनी १७८६ साली मँचेस्टर येथे आपले स्वतंत्र विद्यापीठ थाटले. यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, मग लंडन असा प्रवास करून ते १८८९ साली ऑक्सफर्डला आले आणि १८९३ साली स्वतःच्या वास्तूत स्थिरावले. विद्यापीठाचे पूर्ण घटक महाविद्यालय म्हणून त्याला मान्यता मिळाली ती थेट १९९६ साली. शिंदे यांच्या काळात येथे शिकणाऱ्याला त्या शिक्षणाबद्दल ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे. ज्या काळात विलायतेची पदवी हे हिंदी तरुणाचे सर्वांत मोठे भांडवल होते, त्या काळात शिंदे ऑक्सफर्डला दोन वर्षे काढून पदवीवाचून परतले, ही बाब त्यांच्या ध्येयाची दिशा दाखवते.

या कॉलेजाच्या उपासनामंदिरात बर्न-जोन्स आणि विल्यम मॉरिस यांच्या कलाशाळेतून आलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीचे सहा दिवस चितारलेले आहेत. मूर्ती टाळणाऱ्या प्रार्थनासमाजाच्या साध्या मंदिरातून आलेल्या तरुणाला निराकाराची उपासना आणि चित्रकलेचे वैभव येथे एका छपराखाली पाहावयास मिळाले. प्राचार्य जेम्स ड्रमंड, तत्त्वज्ञानाचे अध्यापक चार्ल्स अप्टन आणि तुलनात्मक धर्माचे अभ्यासक जोसेफ एस्टलिन कार्पेंटर हे त्यांचे गुरू होत. कार्पेंटर हे पाली भाषेचे जाणकार होते, दीघनिकायाच्या संपादनात त्यांचा सहभाग होता. बुद्धाच्या देशातून आलेल्या विद्यार्थ्याने पाली आणि बौद्ध धर्म यांचा शास्त्रीय अभ्यास एका इंग्रज धर्मोपदेशकाजवळ करावा, यातील विरोधाभास त्या काळच्या हिंदुस्थानच्या स्थितीवर प्रकाश टाकणारा आहे. कार्पेंटर यांच्या घराण्याचा हिंदुस्थानशी संबंध जुना होता. त्यांचे आजोबा लँट कार्पेंटर यांनी ब्रिस्टल येथे राजा राममोहन रॉय यांचा स्नेह जोडला होता आणि १८३३ साली राजांचे तेथेच देहावसान झाले. आत्या मेरी कार्पेंटर १८६६ पासून हिंदुस्थानात येऊन स्त्रीशिक्षणासाठी खटपट करीत होत्या. ब्राह्मसमाज आणि प्रार्थनासमाज यांच्याशी या घराण्याचा धागा असा दोन पिढ्यांपूर्वी जुळला होता, आणि शिंदे यांना ऑक्सफर्डमध्ये लाभलेल्या जिव्हाळ्यामागे तो होता.

कॉलेजात त्यांच्या बरोबर गर्ट्रूड फॉन पेट्झोल्ड ही जर्मन वंशाची स्त्री धर्मोपदेशकाचे शिक्षण घेत होती. तिने १९०४ साली लेस्टर येथे उपासनामंडळाची सूत्रे हाती घेतली आणि असे पद मिळविणारी इंग्लंडमधील ती पहिली स्त्री ठरली. स्त्रीने व्यासपीठावरून धर्म सांगावा, ही गोष्ट शिंदे यांना ग्रंथातून कळली नाही, वर्गातील शेजारच्या बाकावर दिसली.

३

अभ्यासाच्या सत्रांमधील दीर्घ सुट्ट्यांत शिंदे यांनी पुष्कळ प्रवास केला. इंग्लंडचा सरोवरप्रदेश आणि स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख त्यांनी पाहिला. उदार धर्माच्या मंडळींकडे पाहुणा म्हणून राहताना इंग्रजी घराची घडी, स्त्रीपुरुषांचा मोकळा व्यवहार आणि रविवारची उपासना त्यांना जवळून पाहता आली. या अनुभवांची पत्रे त्यांनी प्रार्थनासमाजाच्या सुबोधपत्रिकेकडे पाठविली आणि ती मुंबईत प्रसिद्ध झाली. पुढे आत्मचरित्र लिहितानाही त्यांनी या काळाला भरपूर जागा दिली. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे १८८९ साली प्रसिद्ध झालेले युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त हे जसे केवळ प्रेक्षणीय स्थळांचे वर्णन नाही, तसेच शिंदे यांचे हे लेखनही नाही. दोघांच्याही नजरेला स्थळापेक्षा लोकस्थितीचे आकर्षण अधिक आहे.

शिंदे यांच्या पाहण्याची एक खूण या लेखनातून सतत जाणवते. सृष्टिसौंदर्यापुढे ते भक्ताच्या वृत्तीने थांबतात, कारण निसर्गात ईश्वराचे सान्निध्य अनुभवणे हा त्यांच्या ब्राह्म उपासनेचाच भाग होता. माणसांनी उभारलेल्या गोष्टींपुढे मात्र ते जिज्ञासूच्या वृत्तीने उभे राहतात. संस्था दिसली की ती कोण चालवतो, पैसा कोठून येतो, काम करणारा माणूस पूर्णवेळ असतो की फावल्या वेळचा, हे प्रश्न त्यांना पडतात. या जिज्ञासेने त्यांना शहरांच्या मागील बाजूस नेले.

ते ज्या वर्षी इंग्लंडमध्ये उतरले त्याच वर्षी सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्याची पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चार्ल्स बूथ यांची लंडनच्या श्रमिक जीवनाची पाहणीही सतरा खंडांच्या रूपाने त्याच काळात, १९०३ मध्ये, पूर्णत्वास गेली. लंडनमधील सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात राहतात हा तिचा निष्कर्ष होता. साम्राज्याची राजधानी आपल्याच पोटातील गरिबी मोजू लागली होती. युनिटेरियन मंडळींनी लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर अशा शहरांत १८३० नंतरच्या दशकांपासून गरिबांसाठी मिशने चालविली होती. धर्मोपदेशकाने गरिबाला मंदिरात बोलावण्याऐवजी स्वतः त्याच्या गल्लीत जावे, मुलांसाठी शाळा, मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग आणि आजाऱ्यांसाठी मदत यांची सोय करावी, कामाचा वार्षिक अहवाल आणि हिशेब वर्गणीदारांपुढे ठेवावा, अशी त्यांची रीत होती. शिंदे यांनी ही कामे जाणीवपूर्वक पाहिली. इतर हिंदी विद्यार्थी लंडनच्या ज्या बाजूला सहसा फिरकत नसत ती बाजू त्यांच्या अभ्यासक्रमाचा जणू भाग बनली.

सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे उदार धर्ममतवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिंदे यांनी तेथे हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. त्यानंतर युरोपखंडातून प्रवास करून ते ऑक्टोबरमध्ये मुंबईस परत आले.

४

परतल्यावर मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून त्यांनी कामास आरंभ केला. उदार धर्माचा संदेश सुशिक्षितांच्या मंदिरापुरता राहतो, ज्यांना त्याची खरी निकड आहे त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. १९०५ साली अहमदनगरजवळ भिंगार येथे अस्पृश्य मंडळींनी रात्री भरविलेल्या सभेला ते गेले आणि या प्रश्नाला आयुष्य वाहण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. १९०१ च्या खानेसुमारीच्या आधारे त्यांनी देशातील अस्पृश्यवर्गाची माहिती गोळा केली. प्रथम मोजणी आणि मग मदत हा क्रम इंग्लंडमधील पाहण्यांशी मिळताजुळता आहे. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे पहिली शाळा उघडून भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना झाली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष आणि शिंदे सरचिटणीस झाले. दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभीची देणगी दिली.

या मंडळीची घडण पाहिली असता इंग्लंडमध्ये पाहिलेल्या गोष्टी ओळखू येतात. वस्तीत जाऊन काम करणे, शाळेला वसतिगृह आणि औषधोपचार यांची जोड देणे, पूर्णवेळ सेवक तयार करणे, अहवाल आणि हिशेब चोख ठेवणे, हे सारे तेथील मिशनांच्या वळणाचे आहे. जनाबाईही या सेवेत उतरल्या. स्त्री धर्मकार्याची सूत्रे हाती घेऊ शकते हे शिंदे यांनी ऑक्सफर्डमध्ये पाहिले होते, त्याचा एक अर्थ त्यांच्या स्वतःच्या घरात असा साकार झाला.

तथापि या कार्याला परक्या रोपट्याचे कलम म्हणणे हा अन्याय होईल. करुणा त्यांनी विलायतेहून आणली नाही, ती जमखंडीच्या वारकरी घरातून आलेली होती. शिवाय दोन्हीकडील दुःखाचे मूळ वेगळे होते. लंडनच्या गल्लीतील गरिबाला अन्न, घर आणि काम मिळाले की त्याच्या शेजाऱ्याशी त्याचे नाते बदलू शकत होते. परळच्या मुलाला शाळा आणि पुस्तके मिळाली तरी पाणवठा आणि देऊळ त्याला बंदच राहत. इंग्रजी मिशन गरिबाची उणीव भरून काढण्यासाठी होते. शिंदे यांच्यापुढील प्रश्न उणिवेचा नव्हता, नकाराचा होता आणि नकार देणारे लोक त्यांच्याच समाजाचे होते. म्हणून त्यांचे कार्य शाळेपाशी थांबले नाही. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतानिवारणाचा ठराव संमत व्हावा यासाठी त्यांनी जे परिश्रम केले, किंवा १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा संशोधनग्रंथ जो सिद्ध केला, त्यांचा नमुना इंग्लंडमध्ये कोठेही नव्हता. मात्र त्या ग्रंथातील इतिहास आणि धर्म यांची तुलनात्मक दृष्टी कार्पेंटर यांच्या वर्गातील शिस्तीची आठवण करून देते.

या दृष्टीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. शिंदे यांनी इंग्लंड पाहिले ते प्रामुख्याने एका सहृदय अल्पसंख्य पंथाच्या घरांतून. सत्ताधारी इंग्लंडशी त्यांचा परिचय त्या मानाने कमी आला. वरिष्ठवर्गीयांनी चालविलेल्या सेवाकार्यात ज्यांची सेवा होते त्यांचा निर्णयातील वाटा किती, हा प्रश्न युनिटेरियन मिशनांत जसा अनुत्तरित होता तसाच तो शिंदे यांच्या संस्थेतही पुढे उभा राहिला. अस्पृश्य समाजातील जागृत तरुणांना स्वतःचे नेतृत्व हवे होते आणि ती मागणी न्याय्य होती. १९२३ साली शिंदे संस्थेच्या सूत्रांपासून बाजूला झाले. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा एका बाजूस स्वजातीचा दुरावा आणि दुसऱ्या बाजूस ज्यांच्यासाठी झिजले त्यांचा संशय, अशा दुहेरी एकाकीपणाचा अनुभव त्यांच्या पदरी होता.

इंग्लंडमधील दोन वर्षांचे मोल ठरवताना हा शेवटही ध्यानात घ्यावा लागतो. त्या काळी विलायतेहून परतणारा तरुण बहुधा पदवी, अधिकार आणि राहणी घेऊन परते. शिंदे यांनी तेथून आणली ती काम उभारण्याची रीत. ती त्यांना पुस्तकांतून जेवढी मिळाली त्याहून अधिक त्यांनी पायी हिंडून, दारे ठोठावून आणि प्रश्न विचारून मिळविली होती. सुबोधपत्रिकेतील त्यांची पत्रे म्हणूनच विद्यार्थिदशेतील प्रवासाची हौस म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत. परळच्या शाळेची पूर्वतयारी म्हणून त्यांचे वाचन झाले पाहिजे.