खाशाबांच्या कुस्तीचं मोल

२०२४ साली आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली. एका खेळाडूला एवढा पैसा कशाला, असं पारावर बसलेला कुणीही विचारील. उत्तर शोधायचं तर कराडजवळच्या गोळेश्वरला जावं लागेल.

या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. वडील स्वतः पैलवान, त्यामुळं पोरगं लहानपणीच लाल मातीत उतरलं. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झालं. अंगानं लहानखुरे, पण चपळाई मोठी.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथं कुस्ती मातीवर नव्हे, गादीवर. सवय नसतानाही खाशाबा सहावे आले.

१९५२ साली हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. तिथं जपानच्या इशी यांच्याशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. मधल्या विश्रांतीचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. तरी ब्राँझपदक आलंच. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं.

कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं कुस्त्या मारून त्या इनामातून खाशाबांनी प्राचार्यांचं घर सोडवलं, असं सांगतात.

१९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले. सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. हयातीत ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म. अर्जुन मिळाला तो मृत्यूनंतर.

आता मूळ प्रश्न. खाशाबांची मेहनत आजच्या खेळाडूंपेक्षा कमी होती काय? मुळीच नाही. पण पैसा नुसत्या मेहनतीला मिळत नाही, बाजाराला मिळतो. टीव्ही आणि जाहिरातीतून कोट्यवधी येतात ते ज्याला बघायला लोक जमतात त्याच्यामुळं. त्यातला वाटा त्यानं घेतला तर चुकलं काय? टोमॅटोला भाव आला की शहरवाले ओरडतात, तेव्हा आपल्याला राग येतोच ना?

मात्र भाव नसलेल्या मालामागंही राबणूक तेवढीच असते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? मोठ्यांच्या कमाईवर जळण्यापेक्षा, उगवत्या पोराला कोण विचारतं ते बघावं. आपल्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला मोठं इनाम आणि बारक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर! सरपंच, ग्रामसेवक आणि जत्रा कमिटीनं यंदा एवढं करावं: जमलेल्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढून तालमीतल्या पोरांच्या दूध-बदामाला द्यावा. पीक कापणीला येण्याआधी खत घालावं लागतं. पुढच्या खाशाबासाठी कुणाचं घर गहाण पडू नये, इतकंच.