धातूंचा धांडोळा

इंग्रजी शिकताना विद्यार्थ्यांना क्रियापदाचे मूळ रूप आणि त्याचे निरनिराळे काळ पाठ करावे लागतात. तेथे मूळ रूपामागे ‘टू’ हा शब्द येतो. आपल्या मराठीत धातूला ‘णे’ लागून ‘करणे’, ‘जाणे’ अशी रूपे होतात. ही रूपे आली कोठून, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. तो ज्यांना पडला आणि ज्यांनी त्याचा अखेरपर्यंत पिच्छा पुरविला, ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होत.

राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्यास शिकून ते पदवीधर झाले. पत्नी अल्पवयातच निवर्तली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि त्यात प्लेटोच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर छापले. इंग्रजी त्यांना उत्तम येत असे, तरी लिहावयाचे ते मराठीतच, असा त्यांचा बाणा होता.

पुढे जुन्या कागदपत्रांच्या शोधार्थ ते गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि असे बावीस खंड झाले. पण जुने दप्तर वाचणाऱ्यास जुनी भाषाही वाचावी लागते. बीडजवळील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले.

मराठीला व्याकरण नव्हते असे नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ सालीच ते प्रसिद्ध केले होते. परंतु त्याची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीची होती. राजवाडे यांनी दुसरी वाट धरली. ज्ञानेश्वरीतील रूपे संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश अशा पायऱ्यांनी लावून पाहावयाची, ही ती वाट. तिने गेल्यास मोठ्या गमती दिसतात. ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. आज ‘तो रोज व्यायाम करी’ असे म्हटले, तर ती त्याची पूर्वीची सवय समजावयाची. वर्तमानकाळाचे रूप असे भूतकाळात जाऊन बसले! ‘केले’ हे रूप ‘कृत’ या धातुसाधितापासून आले आहे. म्हणूनच ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद रामाकडे न पाहता आंब्याकडे व पोळीकडे पाहते. इंग्रजीच्या साच्यात हे कसे बसावे? मूळ रूपाचेही तसेच. ‘करणे’ हे संस्कृत ‘करणम्’चे वंशज, ‘करू लागला’ यातील ‘करू’चा धागा मात्र ‘कर्तुम्’शी जोडतात. इंग्रजीत जेथे एकटा ‘टू’ पुरतो, तेथे मराठीने दोन वारसे सांभाळले आहेत.

राजवाडे स्वभावाने करारी, किंबहुना कोपिष्ट होते. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता, पण मतभेद होऊन ते त्यापासून दूर झाले. त्यांच्या व्युत्पत्तींपैकी कित्येक ओढूनताणून बसविलेल्या होत्या आणि पुढील पंडितांनी त्या मान्य केल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

आयुष्याच्या अखेरीस ते खानदेशात धुळ्यास राहिले. धुळे तेव्हा पश्चिम खानदेशाचे आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण होते. या मुलखातील अहिराणी बोलीत ‘आहे’ याच्या जागी ‘शे’ म्हणतात. धातूंच्या अभ्यासकास याहून चांगले गाव कोणते मिळावे! येथे त्यांनी मराठी धातूंचा कोश हाती घेतला होता. तो तडीस जाण्यापूर्वीच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यास निधन झाले.

मागे उरली ती कागदांची बाडे. ती वाऱ्यावर गेली असती, तर वर्षानुवर्षांचे श्रम मातीस मिळते. धुळ्यातील त्यांच्या चाहत्यांनी तसे होऊ दिले नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले व ते कागद जपले. मंडळाने १९३७ साली राजवाडे यांचा धातुकोश धुळ्यातच प्रसिद्ध केला. नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश त्यानंतर १९४२ साली बाहेर पडला.